मोनालिसासमोर उभे राहण्याचा दर पासपोर्टवरून ठरवू नका : लूव्र संग्रहालयाला खुले पत्र

प्रति,
प्रशासकीय मंडळ, लूव्र संग्रहालय, पॅरिस
आणि संस्कृती मंत्रालय, फ्रान्स

महोदय,

नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या मंडळाने एक निर्णय घेतला आणि 14 जानेवारी 2026 पासून तो अमलात आला. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून, म्हणजे युरोपीय संघ, नॉर्वे, आइसलँड आणि लिकटेनस्टाइन सोडून इतर देशांतून, येणाऱ्या प्रेक्षकाला लूव्रच्या प्रवेशासाठी आता 22 ऐवजी 32 युरो मोजावे लागतात. त्या क्षेत्रातल्या प्रेक्षकाला मात्र जुनाच दर लागू आहे. त्याआधी, 28 जानेवारी 2025 रोजी, राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ यांनी खुद्द मोनालिसासमोर उभे राहून घोषणा केली होती की या चित्रासाठी नवे, स्वतंत्र दालन बांधले जाईल, त्याला स्वतंत्र तिकीट असेल आणि संग्रहालयाच्या नूतनीकरणाचे हे सगळे काम 2031 पर्यंत पुरे होईल. हे दोन्ही निर्णय एकाखाली एक ठेवून वाचले म्हणजे त्यांचा अर्थ उघड होतो : जगातले सर्वांत प्रसिद्ध व्यक्तिचित्र पाहायला जो सर्वांत लांबून येईल, त्याच्याकडून सर्वांत जास्त पैसे घेतले जातील, आणि तेही दोनदा. हे मला गप्प राहून मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र.

या पत्राचा फ्रेंच अनुवाद आपल्याकडे स्वतंत्रपणे पाठवत आहे. मराठीत ते जाहीर करण्याचे कारण असे की ज्यांच्या खिशाला आणि ज्यांच्या शिक्षणाला हा निर्णय भिडतो, त्यांतले असंख्य लोक ही भाषा बोलतात, आणि त्यांनी आपले म्हणणे स्वतःहून आपल्यापर्यंत पोहोचवावे अशी माझी इच्छा आहे.

माझा या चित्राशी संबंध काय, हे आधी सांगायला हवे. मी कोल्हापूरचा. आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या या गावात व्यक्तिचित्रण हा आजही आदराने बोलण्याचा विषय आहे. माझी नोकरी शाळेतल्या चित्रकला शिक्षकाची होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवणे, त्यांच्याकडून वस्तुचित्र आणि निसर्गचित्र घोटून घेणे, आणि वेळ उरला की माणसाचा चेहरा कसा पाहायचा ते शिकवणे, हे माझे काम. चेहरा शिकवताना मोनालिसाचा छापील कागद फळ्यावर लावल्याशिवाय माझा तास सुरू होत नसे. मुलाला ओठ काढायला सांगितले की तो आधी ओठांची कड काढतो आणि दोन टोकांना दोन ठिपके देतो. मग मी त्याला फळ्याजवळ बोलावून विचारत असे, या बाईच्या ओठांचे टोक कुठे संपते ते बोट ठेवून दाखव. बोट गालावर इकडे-तिकडे सरकत राही, कारण तिथे रेषाच नाही. सावली कुठे सुरू झाली आणि त्वचा कुठे संपली हे कळू नये इतक्या हलक्या हाताने तो भाग रंगवलेला आहे. रेषेवाचून आकार उभा करता येतो, हे एवढ्या स्पष्टपणे सांगणारे दुसरे चित्र मला शिकवायला सापडले नाही.

पुढे हे चित्र प्रत्यक्ष पाहण्याचा योग मला आला. आमच्या छापील कागदात काय बुडून गेले होते ते तेव्हा कळले. छपाईत काळाभोर गोळा दिसणारा केसांचा भाग मुळात काळा नाहीच. त्यावर विरळ, पारदर्शक ओढणी आहे आणि तिची कड कपाळावरून एका बारीक रेषेने खाली येते. उजवा हात डाव्या मनगटावर नुसता टेकलेला आहे, त्याने मनगट धरलेले नाही, आणि त्या हाताखाली बाहीच्या चुण्या वळण घेत आत शिरतात. पाठीमागचे क्षितिज डावीकडे आणि उजवीकडे एका पातळीत नाही, हे पुस्तकात वाचून माहीत होते. समोर उभे राहिल्यावर ते डोळ्यांना जाणवते, आणि नजर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेली की बसलेली बाई जराशी उंच झाल्यासारखी वाटते. यांतले काहीही मोबाइलच्या पडद्यावर उतरत नाही. मूळ चित्रासमोर उभे राहणे हे शिक्षण आहे, सहल नाही, आणि माझी तक्रार याच जागेवरून सुरू होते.

पहिली आणि मुख्य तक्रार दराची. मोनालिसा आता प्रवास करू शकत नाही, हे आपणच वेळोवेळी सांगितले आहे आणि ते बरोबरही आहे. 1963 साली ती वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कला गेली, 1974 साली टोकियो आणि मॉस्कोला गेली. त्यानंतर तिने फ्रान्स सोडलेला नाही. कारण तिची प्रकृती. चित्र कॅनव्हासवर नाही, पॉप्लरच्या एका सलग फळीवर आहे. 77 सेंटिमीटर उंच आणि 53 सेंटिमीटर रुंद अशी ही फळी जेमतेम सव्वा सेंटिमीटर जाडीची आहे, आणि पाचशे वर्षे हवा खाऊन तिला बाक आलेला आहे. तिला हलवण्याची जोखीम घेऊ नये, हे कोणीही समंजस माणूस मान्य करील. पण त्याचा अर्थ असा की चित्र आमच्याकडे येणार नाही, तर आम्हीच चित्राकडे यायचे. भोपाळचा, नैरोबीचा किंवा कोल्हापूरचा चित्रकलेचा विद्यार्थी विमानभाडे भरतो, व्हिसाची फी भरतो, पॅरिसमधल्या राहण्याचा खर्च सोसतो, आणि या सगळ्यानंतर दारात त्याला सांगितले जाते की तू लांबून आलास म्हणून तुला दहा युरो जास्त. आजच्या भावाने बत्तीस युरो म्हणजे तीन हजार रुपयांहून अधिक होतात.

यावर दिले जाणारे उत्तर मला ठाऊक आहे. लूव्रला फ्रेंच करदात्याच्या पैशातून अनुदान मिळते, तेव्हा त्याला सवलत आणि बाहेरच्याला पूर्ण दर, असे म्हटले जाते. हा युक्तिवाद फ्रान्सपुरता असता तर मी त्याचा आदर केला असता. पण स्वस्त दर नॉर्वे आणि आइसलँडच्या नागरिकालाही लागू आहे, आणि तो फ्रान्सच्या तिजोरीत कर भरत नाही. म्हणजे रेषा कराची नाही, भूगोलाची आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना आपण कोणत्याही देशाची असली तरी विनामूल्य सोडता, ही चांगली गोष्ट आहे आणि तिचा उल्लेख न करणे अन्याय होईल. मात्र अठरा ते पंचवीस या वयात, जेव्हा कलाशाळेतला मुलगा किंवा मुलगी खऱ्या अर्थाने चित्र वाचायला शिकते, तेव्हा युरोपात राहणाऱ्याला प्रवेश मोफत आणि बाकीच्या जगाला बत्तीस युरो, हा फरक कशाच्या आधारावर करायचा?

आमच्याकडेही असेच चालते, हे मी लपवणार नाही. अजिंठ्याला भारतीयाला 40 रुपये आणि परदेशी पाहुण्याला 600 रुपये लागतात. मला ते पटत नाही. आपल्या तिकिटाबद्दल जे म्हणतो आहे तेच मी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणालाही म्हणेन. पण लूव्रकडून जास्त अपेक्षा ठेवण्याला एक ऐतिहासिक कारण आहे. 10 ऑगस्ट 1793 रोजी आपले संग्रहालय उघडले ते राजाच्या भिंतीआड असलेली चित्रे सर्वांची आहेत हे सांगण्यासाठी. त्यातले हे चित्र लिओनार्दो दा विंची या इटालियन माणसाने फ्लॉरेन्समध्ये, रेशमाचा व्यापारी फ्रान्चेस्को देल जोकोंदो याच्या पत्नीचे, लिसा गेरार्दिनीचे म्हणून सुरू केले. चित्रकार आयुष्याच्या अखेरीस ते सोबत घेऊन फ्रान्समध्ये आला आणि राजा पहिला फ्रान्सिस याच्या संग्रहात ते दाखल झाले. परक्या देशातून आलेल्या पाहुण्याला आणि त्याच्या सामानाला सन्मानाने जागा दिल्यामुळेच आज ते आपल्याजवळ आहे.

दुसरी तक्रार स्वतंत्र तिकिटाची. मोनालिसाला वेगळ्या दालनात न्यावे की नाही, याबद्दल माझ्या मनात दुमत आहे. आज ती साल दे झेता या मोठ्या दालनात आहे. तिच्यासमोरच्या भिंतीवर व्हेरोनेझे या चित्रकाराचे 'काना गावचे लग्न' हे चित्र आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, आणि बाजूंना तिशियनसारख्या व्हेनिसच्या चित्रकारांची चित्रे. त्या लग्नाकडे लोक पाठ करून उभे असतात, हे व्हेरोनेझेवर अन्याय करणारे आहे आणि मोनालिसा बाहेर गेली तर निदान त्याची सुटका होईल. पण तिला तिच्याच चित्रकाराच्या इतर कामांपासून तोडून, वेगळ्या दाराने आत यायचे आणि वेगळ्या दाराने बाहेर पडायचे अशी व्यवस्था झाली, तर प्रेक्षक एक चेहरा पाहून परत जाईल आणि ग्रांद गॅलरीतली संत अॅना किंवा खडकांतली माता न पाहताच जाईल. लिओनार्दोची एवढी चित्रे जगात दुसऱ्या कोणत्याही एका इमारतीत नाहीत. ओठांचे ते रेषेवाचूनचे टोक संत अॅनाच्या चेहऱ्यावरही आहे, तेव्हा दोन्ही चित्रे एकाच तिकिटात आणि एकाच चालीत पाहता आली पाहिजेत. दुसरे तिकीट लावल्याने गर्दी वाटली जाईल असे सांगितले जाते. गर्दी वाटण्यासाठी वेळ ठरवून द्यावी लागते. त्यासाठी वेगळी किंमत लावण्याची गरज नसते.

तिसरी तक्रार मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, आणि ती जतनाची आहे. नव्या दालनाच्या घोषणेत प्रवेशद्वार, प्रेक्षकसंख्या, खर्च आणि मुदत या गोष्टी ठळक होत्या. फळीचे काय होणार, हे मात्र जाहीरपणे कोणी सविस्तर सांगितलेले नाही. या फळीच्या वरच्या कडेपासून साधारण अकरा सेंटिमीटर लांबीचा एक तडा खाली केसांपर्यंत उतरला आहे. तो पुढे सरकू नये म्हणून मागच्या बाजूला अक्रोडाच्या लाकडाची, फुलपाखराच्या आकाराची पाचर फार पूर्वीच बसवलेली आहे. तडा आज स्थिर आहे, असे आपले तज्ज्ञ सांगतात आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. तो स्थिर राहिला आहे कारण काचपेटीतले तापमान आणि आर्द्रता वर्षानुवर्षे फारशी हललेली नाही. लाकूड हे हवेतला ओलावा घेते आणि सोडते. प्रत्येक बदलाबरोबर फळी किंचित फुगते किंवा आकसते, आणि तिच्यावरचा रंगाचा थर मात्र तेवढा ताणला जात नाही. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या क्ष-किरण अभ्यासाने दाखवले की चेहऱ्यावरच्या सावल्या एक-दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) अनेक पातळ लेपांनी बनल्या आहेत आणि सगळे लेप मिळूनही त्यांची जाडी तीस-चाळीस मायक्रॉनच्या पुढे जात नाही. माणसाचा केस याहून जाड असतो. ज्या ओठांच्या टोकाबद्दल मी वर लिहिले, ते एवढ्याशा जाडीत साठवलेले आहे. त्यामुळे ही फळी एका दालनातून दुसऱ्या दालनात, बहुधा जमिनीखाली बांधलेल्या जागेत, नेताना नव्या जागेतली हवा किती काळ आधीपासून मोजली जाईल, याचे उत्तर बांधकामाच्या वेळापत्रकाआधी मिळाले पाहिजे.

जतनाच्या याच विषयात आणखी एक गोष्ट येते : व्हार्निश, म्हणजे रंगावर चढवलेला पारदर्शक लेप. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली मोनालिसाची जुनी प्रत 2012 साली स्वच्छ करून दाखवली गेली, तेव्हा तिच्यावर नंतर चढवलेली काळी पार्श्वभूमी निघाली आणि खाली डोंगर, नदी, निळे आकाश आणि लालभडक बाह्या दिसल्या. तिच्या आतल्या रेखाटनातल्या दुरुस्त्या मूळ चित्रातल्या दुरुस्त्यांशी जुळतात, म्हणजे ती लिओनार्दोच्या कामाच्या जागी, मूळ चित्राशेजारी रंगवली गेली. ती पाहिल्यावर पुष्कळांना वाटू लागले की पॅरिसच्या चित्रावरचा पिवळा पडलेला व्हार्निश काढला तर तेही असेच उजळेल. नवे दालन, नवा प्रकाश आणि मोठा खर्च यांच्या जोडीला हा आग्रहही वाढेल, अशी मला भीती वाटते. संत अॅनाच्या चित्राची सफाई करताना सल्लागार समितीतल्या दोन तज्ज्ञांनी 2011 मध्ये राजीनामे दिले होते, हे जग विसरलेले नाही.

हे मी महाराष्ट्रातून लिहितो आहे आणि व्हार्निशचे दुःख आम्हाला घरचे आहे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. भिंतीवरचे रंग नीट दिसावेत म्हणून त्या काळात मूळ चित्रांवर व्हार्निश फासला गेला. पुढे 1920 च्या सुमारास हैदराबादच्या निजामांनी इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी चांगल्या हेतूने, मोठ्या मेहनतीने सुटणारा गिलावा बसवला, आणि वर लाखेचा लेपही दिला. तो लेप पिवळा पडला, त्याने धूळ आणि धूर धरून ठेवला, आणि तो हलक्या हाताने उतरवण्यात आमच्या संवर्धकांच्या पिढ्या गेल्या. अजिंठ्याच्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चेहऱ्यावर आज जे दिसते त्यात मूळ किती आणि लेप किती, हे ठरवणे अजूनही सोपे नाही. ज्यांनी ते केले ते अडाणी नव्हते. त्यांच्या काळातले ते उत्तम ज्ञान होते. म्हणून मोनालिसाच्या बाबतीत, आजचे ज्ञान पुरेसे आहे असे समजून कोणी हात घालू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चौथी तक्रार वेळेची. दिवसाला सुमारे वीस हजार माणसे या चित्रासमोरून जातात, असे आपलीच आकडेवारी सांगते. संग्रहालय बहुतेक दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा उघडे असते, म्हणजे मिनिटाला सदतीस माणसे. इतक्या घाईत कोणी काय पाहणार? जून 2025 मध्ये आपल्याच कर्मचाऱ्यांनी गर्दीला कंटाळून अचानक काम थांबवले होते. प्रेक्षक आणि पहारेकरी दोघेही एकाच व्यवस्थेने भरडले जात आहेत. वास्तुकार पेई यांचा, संग्रहालयाच्या प्रवेशद्वारावरचा काचेचा पिरॅमिड 1989 साली खुला झाला तेव्हा वर्षाला सुमारे 40 लाख प्रेक्षक गृहीत धरले होते. 2024 साली 87 लाख आले. नवे दालन जर याहून मोठी रांग सामावण्यासाठी बांधले जाणार असेल, तर पैसे खर्च करूनही पाहणे तेवढेच उथळ राहील.

पाचवी गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती फ्रान्समध्येच पुरेशी बोलली गेली आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये अपोलो गॅलरीतून भरदिवसा राजघराण्याचे दागिने चोरीला गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाण्याच्या गळतीने इजिप्त विभागाच्या ग्रंथालयातली काहीशे पुस्तके भिजली. आणि आपल्या देशाच्या लेखापरीक्षकांनी लिहिले की डोळ्यांत भरणाऱ्या कामांना देखभाल आणि सुरक्षेपेक्षा अधिक प्राधान्य दिले गेले. 1911 साली याच संग्रहालयातून मोनालिसा कोटाखाली लपवून नेली गेली होती आणि दोन वर्षांनी फ्लॉरेन्समध्ये सापडली. ज्या इमारतीला आधी छप्पर आणि नळ दुरुस्त करायचे आहेत, तिने आपल्या सर्वांत नाजूक चित्रासाठी नवी भव्य जागा बांधताना क्रम चुकवू नये.

आता मागण्या. युरोपबाहेरच्या प्रेक्षकावरचा जादा दर मागे घ्यावा. ते लगेच शक्य नसेल तर किमान अठरा ते पंचवीस वयोगटाला आणि कोणत्याही देशातल्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना युरोपीय रहिवाशांइतकीच सवलत द्यावी. मोनालिसाच्या नव्या दालनाला वेगळे शुल्क लावू नये. हवी तर विनामूल्य वेळनोंदणी ठेवावी, एका वेळी मोजकी माणसे आत घ्यावीत आणि प्रत्येकाला चित्रासमोर किमान पाच मिनिटे मिळतील असे पाहावे. दिवसातला एखादा तास छायाचित्रणाला बंदी ठेवून, वही-पेन्सिल घेऊन बसणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. फळीचा बाक, तडा, काचपेटीतली आर्द्रता आणि तापमान यांचा अहवाल, चित्र दरवर्षी तपासणीसाठी बाहेर काढले जाते त्यानंतर, प्रसिद्ध करावा, आणि नव्या जागेची हवा निदान एक संपूर्ण वर्ष मोजून झाल्याशिवाय चित्र तिथे नेऊ नये. हलवण्याची तारीख संवर्धकांनी ठरवावी, समारंभाने नाही. व्हार्निश काढण्याचा कोणताही प्रस्ताव आला तर तो आधी जाहीर करून जगभरच्या संवर्धकांचे मत मागवावे, आणि तोपर्यंत माद्रिदच्या प्रतीची उत्तम छायाचित्रे दालनाजवळ लावून लोकांची जिज्ञासा भागवावी.

यांतली प्रत्येक मागणी मान्य करण्याजोगी आहे, असे मला मनापासून वाटते. एकीलाही नकार द्यायचा असेल तर तो कारणांसह लेखी द्यावा आणि आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावा, म्हणजे तो आम्हालाही वाचता येईल आणि त्यावर बोलता येईल. माझे विद्यार्थी आता स्वतः चित्रकला शिकवतात. त्यांच्या वर्गातल्या मुलांना पॅरिसला जाण्यासाठी किती पैसे साठवायचे, हे त्यांनी विचारले तर मला खरा आकडा सांगता यावा, एवढ्यासाठी तरी आपले उत्तर 2026 संपण्यापूर्वी यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
कोल्हापूर